बॉल आणायला

टिटवाळ्याच्या शाळेत माझं स्वागत लेझिमींनी झालं. म्हणजे समोर नाचून नव्हे, अंगावर पडून.

झालं असं, की मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या हातात किल्ली ठेवली आणि म्हणाल्या, "मैदानाच्या बाजूची शेवटची खोली. अर्धी तुमची, अर्धी पीटीची. जागाच नाही हो, काय करणार!" मी दार उघडलं, अंधारात दिव्याचं बटण चाचपलं, आणि कपाटावर रचलेला लेझिमींचा ढीग छनछन करत खाली आला. मी डोक्यावर पर्स धरून उभी! तेवढ्यात कोणीतरी धावत येऊन दारात थांबलं.

"लागलं का हो?"

"नाही."

"बरं झालं. नवीन आहेत त्या."

"मीही नवीनच आहे," मी म्हटलं.

तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. गळ्यात शिट्टी, उन्हाने रापलेला चेहरा, आणि हसू दाबायचा प्रयत्न साफ फसलेला.

"मी साईनाथ. पीटी सर बोलतात मला. तुम्ही त्या... मनाच्या मॅडम ना?"

"समुपदेशक," मी तोऱ्यात म्हटलं. "रुचिता."

"तेच ते. मनाच्या मॅडम," असं म्हणून तो खाली बसला आणि लेझिमी गोळा करू लागला. मीही बसले. एकाच लेझिमीला दोघांचा हात लागला, दोघांनीही तो काढला, आणि ती परत पडली.

मी राहते ठाण्याला, नौपाड्यात. आमची संस्था तीन शाळांना मिळून एक समुपदेशक देते. आठवड्याची सुरुवात ठाण्यात, बुधवारी ठाकुर्ली आणि गुरुवारी टिटवाळा. तिथल्या मुलांना जे काही दुखायचं ते गुरुवारीच दुखावं, अशी एकंदर सोय. मी मोठ्या हौसेने 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी करून आणली, दाराला लावली आणि मुलांची वाट बघत बसले.

कोणी आलं नाही. पुढच्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मुलं माझ्या दारासमोरून जाताना चाल वाढवायची. एकदा खिडकीतून ऐकू आलं, "ए, तिकडे नको बघूस... मेंटलवाल्या मॅडम बोलवतील!" त्या दिवशी मला डबा गोड लागला नाही.

कपाटाच्या पलीकडून आवाज आला, "मॅडम, राग येणार नसेल तर एक बोलू?"

"राग येईल. बोला."

"ती पाटी काढा."

"ती पाटी मिळवायला मी संस्थेशी महिनाभर भांडलेय!"

"म्हणूनच सांगतोय." साईनाथ कपाटाला वळसा घालून समोर आला. "ह्या पाटीखालून पोरगं आत जाताना कोणी बघितलं ना, तर संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या टिटवाळ्यात फेमस. घरी पोचायच्या आधी आईला कळलेलं असतं. पण बॉल आणायला कोणीपण येतं. बॉल आणायला गेलेल्याला कोण विचारतंय, कुठे गेलेलास?"

मी दोन वर्षं मानसशास्त्र शिकले, त्यात हे कुठेच नव्हतं. माझा चेहरा पडला असणार, कारण तो घाईघाईने म्हणाला, "तशी पाटी छान आहे, पण." मग स्क्रू ड्रायव्हर त्यानेच आणून दिला. पाटी मात्र मी काढली.

त्यानंतर आमचं चालू झालं. म्हणजे काम! मैदानावर कोणी कडेकडेने राहायला लागलं, एरवी बडबडणारं गप्प झालं, की साईनाथ हाक मारायचा, "जा रे, बॉल घेऊन ये." मूल आत यायचं. मी सांगायचे, "बॉल कपाटामागे आहे. घाई नाही. हवं तर बस." काही जण बॉल घेऊन पळायचे. काही बसायचे. दिवाळीपर्यंत मुलंच विचारायला लागली, "सर, बॉल आणू?" खो-खोच्या तासालाही विचारायची! साईनाथ चेहरा सरळ ठेवून म्हणायचा, "आण, आण. सावकाश आण."

खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगायचे. "इथे बोललेलं इथेच राहतं. फक्त तुझ्या जिवाला धोका असेल, तर मला एका मोठ्या माणसाला सांगावं लागेल. तेही तुला आधी सांगूनच."

समृद्धी अशीच आली. नववीतली, धावण्यात शाळेची पहिली. धावण्याच्या निवड चाचण्या सुरू झाल्या आणि ती मैदानाच्या पायरीवर पाण्याची बाटली धरून बसायला लागली. धावता येतं, पण श्वास घेता येत नाही, म्हणे. ती खोलीत काय बोलली ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही कितीही विश्वासातले असलात तरी नाही. एवढंच सांगते, की तिने बोलताना एक लेझीम हातात धरली होती आणि तिच्या चकत्या एकेक करून सरकवत होती. निघताना तिने ती अगदी आवाज न करता खाली ठेवली.

त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांनी मला घेरलं. काय झालंय तिला? घरी काही आहे का? मुलगा वगैरे? मी चहा पीत राहिले. संध्याकाळी फाटकाशी साईनाथ भेटला. त्याने तिला पाचवीपासून धावायला शिकवलेलं. सगळ्यात जास्त हक्क त्याचा होता. तो एवढंच म्हणाला,

"मिळाला बॉल?"

"शोधतेय अजून."

त्याने मान हलवली आणि पुढे एक अक्षर विचारलं नाही. माझ्यासाठी फाटक उघडून धरलं फक्त.

खरं सांगू? मी तिथेच गेले. लोक सुंदर डोळ्यांवर भाळतात, आवाजावर भाळतात. मी न विचारलेल्या प्रश्नावर भाळले.

मग गुरुवार हळूहळू मोठा व्हायला लागला. साईनाथच्या आईने, सगुणाताईंनी, माझ्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या पाठवायला सुरुवात केली. कपाटाच्या दोन बाजूंना बसून आम्ही त्या खायचो.

"मॅडम, तुम्ही दिवसभर सगळ्यांचं ऐकता. थकत नाही?"

"थकते ना."

"मग काय करता?"

"घरी जाऊन आईवर ओरडते."

"त्यापेक्षा माझ्यावर ओरडत चला," तो म्हणाला. "मला ओरड्याची सवय आहे. आणि त्यांना बिचाऱ्यांना आराम."

आईला कशाचा आराम हवा होता कोण जाणे, पण तिचं लक्ष बारीक. "गुरुवारी बरी नवी ओढणी निघते गं," ती एकदा म्हणाली. मी ऐकलंच नाही असं केलं.

जानेवारीत, सकाळच्या थंडीत, साईनाथ खोलीत आला. कपाटापलीकडे गेला नाही. मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीवर बसला, गुडघे हनुवटीपर्यंत आले.

"बॉल आणायला आलोय," तो म्हणाला.

मला हसू आलं. त्याला नाही आलं. आणि मग सवयीने, निव्वळ सवयीने, माझ्या तोंडून निघून गेलं, "इथे बोललेलं इथेच राहतं. फक्त जिवाला धोका असेल तर—"

"थोडा आहे."

"कोणाच्या?"

"माझ्याच." तो शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होता. "एक जण आहे. गुरुवारी येते. शुक्रवारी मी मैदानात उभा असतो, पोरं पळत असतात, सगळं बरोबर चाललेलं असतं... तरी काहीतरी आणायचं राहिलंय असं वाटतं. ते पार बुधवारपर्यंत वाटत राहतं."

मला माझा नोकरीतला आवाज तेवढा सापडला. "तिला सांगितलंत?"

"आत्ताच सांगितलं."

घंटा झाली. तो उठला, कपाटाला धडकला, लेझिमी वाजल्या, आणि तो गेला.

दुसरी कोणी असती तर मागे धावली असती. मी धावले नाही, कारण तो त्या खुर्चीवर बसून बोलला होता! खुर्चीवरचं बोलणं आपण होऊन बाहेर काढायचं नाही, हा माझा नियम. मूल रस्त्यात भेटलं तर त्याने ओळख दाखवेपर्यंत मी ओळखही दाखवत नाही. आज साईनाथसाठी नियम वाकवला, तर उद्या समृद्धीने कशावर विश्वास ठेवायचा? मी ठरवलं, तो बाहेर एकदा तरी बोलेल. पायरीवर, फाटकाशी, रिक्षा स्टँडवर, कुठेही. त्याचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणणार होते.

पुढच्या गुरुवारी मी अगदी काहीच न झाल्यासारखं "गुड मॉर्निंग, सर" म्हटलं. मला वाटलं, आता बोलेल. त्याचा चेहरा विझला. "गुड मॉर्निंग, मॅडम," एवढंच तो म्हणाला.

भाकऱ्या बंद झाल्या. चहा शिपाईमामांच्या हातून यायला लागला. मुलांना तो पाठवायचा, "मिळाला बॉल?" असंही विचारायचा, पण माझ्याकडे न बघता, मैदानाकडे बघत. कपाटापलीकडे तो वह्या तपासत बसलेला असायचा आणि मला त्याचा श्वास ऐकू यायचा. इतक्या जवळ असलेल्या माणसाची इतकी आठवण येते, हे मला नव्यानेच कळलं. नौपाड्याच्या नाक्यावर ट्रॅफिक हवालदाराने शिट्टी वाजवली तरी मी वळून बघायचे. ठाकुर्लीच्या फलाटावर इंडिकेटरला 'टिटवाळा' अशी अक्षरं लागली, की उगाच दोन पावलं पुढे व्हायचे, आणि मग आठवायचं, आज बुधवार.

त्यातच माझी एक जुनी मागणी मान्य झाली. मुलांचं मन काही वार बघून बिघडत नाही, ह्या शाळेला रोज येणारी समुपदेशक द्या, म्हणून मी आल्यापासून दर बैठकीत डोकं खाल्लं होतं. फेब्रुवारीत संस्थेने नेमणूक केली. कल्पिता, टिटवाळ्यातच राहणारी, शांत, हुशार. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मी पेढा खाल्ला. मुलांसाठी मला खरोखर आनंद झाला होता, आणि त्या आनंदाने माझा गुरुवार कायमचा नेला होता.

शेवटच्या गुरुवारी समृद्धी आली. आता ती शाळा सुटल्यावर मैदानाला एखादी फेरी मारायची, घड्याळ न लावता. तिने पुन्हा तीच लेझीम उचलली.

"कल्पिता मॅडमकडे पण बॉल आणायला यायचं ना?"

"हो. सरांनी त्यांना बॉलचं सगळं सांगितलंय."

ती थोडा वेळ चकत्या सरकवत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही कोणाकडे जाता बॉल आणायला?"

मी तिच्या हातातली लेझीम घेऊन कपाटावर ठेवली. ती निघून गेली... आणि मग एकदम उत्तर सुचलं.

मी कल्पिताच्या हातात किल्ली ठेवली. "कपाटावरच्या लेझिमी सांभाळ," म्हटलं, आणि पर्स उचलून बाहेर पडले. भर उन्हात, अख्खं मैदान ओलांडून. आठवीचा खो-खो चालला होता. साईनाथ माझ्याकडे पाठ करून उभा होता.

"सर."

तो वळला.

"बॉल आणायचाय."

"खो-खो चाललाय, मॅडम," तो हळूच म्हणाला.

"माहितेय मला."

मग त्याने शिट्टी मारली. "चला, सगळे मैदानाला फेऱ्या मारा! मी सांगेपर्यंत!" मुलं कुरकुरत पळाली. आम्ही पायरीवर बसलो, मध्ये माझी पर्स.

"इथे बोललेलं इथेच राहतं," तो अगदी माझ्यासारखा म्हणाला. "फक्त—"

"नको! ह्याच नियमाने वाट लावलीय माझी." आता मी थांबणार नव्हते. "त्या दिवशी तुम्ही मुलांच्या खुर्चीवर बसून बोललात. खुर्चीवरचं मला बाहेर काढता येत नाही. मी वाट बघत होते, तुम्ही बाहेर कधी बोलाल. रोज. ठाण्यात, ठाकुर्लीत, सगळीकडे."

"म्हणजे... तुम्ही 'नाही' असं बोललेल्या नाहीत?"

"मी काहीच बोलले नव्हते!"

"मला वाटलं, काही न बोलणं हेच उत्तर." त्याने कपाळावर हात मारला. "आई विचारून विचारून थकली, भाकरी का नेत नाहीस म्हणून! अहो, एक खूण तरी करायचीत. नुसतं हसायचंत."

"समृद्धीची खुर्ची आहे ती, साईनाथ."

त्या संध्याकाळी फाटकाशी हलवली होती तशीच त्याने मान हलवली. "बरोबर केलंत," तो म्हणाला.

इतक्या दिवसांचं अडवून धरलेलं पाणी माझ्या डोळ्यांत आलं ते ह्या दोन शब्दांनी. मी ओढणीने डोळे टिपले.

"आता ती खुर्ची माझी नाही," मी म्हटलं. "ही तर नुसती पायरी आहे. म्हणून आता मी बोलते. मला तू हवा आहेस. एका गुरुवारपुरता नको, सगळे वार हवा आहेस. आणि हे इथेच नाही राहिलं तरी चालेल. संध्याकाळपर्यंत अख्ख्या टिटवाळ्यात फेमस झालं तरी चालेल."

"संध्याकाळ कशाला," तो म्हणाला. "आईला आत्तापर्यंत कळलं असेल."

मी हसले. रडत होते, तरी हसले. पर्सच्या आड त्याचा हात माझ्या हाताला लागला, आणि ह्या वेळी कोणी काढला नाही.

मुलं फेऱ्या मारत होती. एक मुलगी धापा टाकत समोर येऊन उभी राहिली. "सर, थांबू का? कधीपासून पळतोय आम्ही!"

शिट्टी उजव्या हाताने धरायची त्याची सवय. उजवा हात माझ्याकडे होता.

"थांबा रे सगळे," तो नुसताच ओरडला. "मिळाला बॉल."