मधली वाकळ

इस्त्रीचा पांढरा सदरा जोतिबांनी पुन्हा एकदा उलगडून पाहिला आणि पिशवीत ठेवला. संध्याकाळी मिरजेहून गाडी होती. उत्तरेकडे कुठेतरी, दोन रात्रींच्या वाटेवर, त्यांच्या एकुलत्या एका मुलावर, शिवतेजवर, कोर्ट मार्शल चालू होते. चौकीतल्या बराकीत झोपलेल्या चार सोबत्यांना त्याने गोळ्या घातल्या, असा आरोप होता. शिवतेज पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता: मी झोपेत होतो, माझी रायफल दुसऱ्या कुणीतरी उचलली.

वकील फोनवर म्हणाला होता, "काका, तुम्ही फक्त एवढंच सांगा. माझा मुलगा आयुष्यात कधी खोटं बोलला नाही."

जोतिबांना त्यात काही जड नव्हते. ते स्वतः हवालदार होऊन निवृत्त झालेले. पोराला त्यांनीच अंगणात खेळवता खेळवता घडवले होते. बूट कसे लावायचे, हुकूम कसा ऐकायचा. झोपलेल्या जवानाला कसे उठवायचे, हेही. हाक मारायची नाही, खांदा हलवायचा नाही. दचकलेल्या माणसाचा हात आधी हत्याराकडे जातो. पायाशी उभे राहायचे. उजव्या पायाचा अंगठा दाबायचा, एक श्वास थांबायचे, पुन्हा दाबायचा. सहा वर्षांचा शिवतेज रोज सकाळी बापाला असाच उठवायचा आणि खुदकन हसायचा.

गावात घरटी एक जण फौजेत. सुट्टीवर आलेला जवान पलटणीतल्या सोबत्याच्या घरी जाऊन त्याची खुशाली सांगायचा, दोन घास खायचा. जेवण झाल्याशिवाय त्याला नावगाव विचारायचे नाही, अशी जोतिबांच्या घरची रीत. पण ते प्रकरण झाल्यापासून या उंबऱ्याला कुणाचे पाऊल लागले नव्हते.

त्या दुपारी लागले. चौघे होते.

"काका, शिवतेजचं घर ह्येच न्हवं?"

जोतिबांच्या आधी त्यांच्या पत्नी अंजनाबाईच स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. किती दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता. "या रं पोरांनो, या! लय वाळलायसा की. फौजेत नुसतं डाळीचं पाणीच घालत्यात व्हय?"

सगळ्यांत धाकटा हसला. "काकी, शिवतेज तुमच्या शेंगांच्या चटणीचं लय सांगायचा."

चौघेही बनियनवर होते आणि अनवाणी.

"बूट कुठं हायती रं?" जोतिबांनी विचारले.

"घालायला सवडच न्हाई मिळाली, काका."

बाहेर डांबर तापले होते. कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर धुरळा उडवत होते. पोरांच्या पावलांवर धुळीचा कणही नव्हता.

भाकरी, आमटी, चटणी, सगळे त्यांनी चाटूनपुसून खाल्ले. मग धाकटा म्हणाला, "काका, जरा पडावं म्हणतो. झोप पुरी झाली न्हाई आमची."

अंजनाबाईंनी सोप्यात चार वाकळा अंथरल्या. त्यांनी आणखी एक मागितली आणि मधोमध टाकली. दोघे एका बाजूला आडवे झाले, दोघे दुसऱ्या. मधली वाकळ रिकामीच राहिली.

"ही कुणाला?"

"शिवतेजला. बराकीत मधली खाट त्याची."

जोतिबा जागच्या जागी थांबले. बातम्यांत चार फोटो दाखवले होते. त्यांनी ते पाहिले नव्हते. टीव्ही बंद केला होता, तो आजवर लावला नव्हता.

"त्या रातीला," त्यांनी विचारले, "त्यो झोपला व्हता न्हवं?"

चौघांचेही डोळे मिटलेले होते. "घटकाभरानं उठवा, काका," एवढेच कुणीतरी म्हणाले.

जोतिबा उंबऱ्यावर बसून राहिले. सोप्यात हळूहळू एक वास भरला. तो त्यांना तीस वर्षांपासून ठाऊक होता. रायफलीला लावायच्या तेलाचा. चौघे इतके गाढ झोपले होते की श्वासही ऐकू येत नव्हता.

घटका भरली. ते उठले. कडेच्या पोराच्या पायाशी उभे राहिले.

अंगठा दाबला. थांबले. पुन्हा दाबला.

"अक्षी आसंच," पोरगा डोळे न उघडता म्हणाला.

"काय रं?"

"गोळीआदी त्यानंबी आसाच दाबला. मदी थांबून."

त्याच्या शेजारचा म्हणाला, "माझाबी."

भिंतीकडचा म्हणाला, "माझाबी."

धाकट्याने पाय हळूच आत ओढून घेतला.

"आवं, वकिलाचा फोन!" आतून अंजनाबाईंनी हाक मारली.

जोतिबा आत गेले.

"निघताय ना काका? ते वाक्य लक्षात आहे ना?"

जोतिबांनी सदऱ्याची पिशवी जवळ ओढली.

"येतो," ते म्हणाले. "पर ते वाक्य माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

"मग काय सांगणार तुम्ही?"

"निजलेल्या माणसाला कसं उठवायचं ते पोराला मी शिकवलंय. तेवढं सांगीन."

ते सोप्यात परतले तेव्हा तिथे कुणी नव्हते. अंजनाबाई वाकळा गोळा करत होत्या.

"गेलीबी पोरं? च्या तरी घिऊन जायचा." एकेक वाकळ त्या घडी घालून ठेवत होत्या. "कशी गारढोण पडल्यात बगा, कुणी टेकल्यागतसुदिक वाटत न्हाई."

चार घड्या झाल्या. पाचवीवर त्यांचा हात थांबला.

"आवं," त्या म्हणाल्या, "ही मधली तेवढी गरम हाय. आत्ताच कोन उठून गेल्यागत."