मागून गार हवा

दुकानाच्या काउंटरवर कॉम्प्युटरचं कॅबिनेट ठेवून तडतडी भांडत होती, आणि कोपऱ्यातल्या शिडीवर उभा राहून एक जण ते भांडण फुकटात बघत होता.

घरात तिला सगळे तडतडीच म्हणायचे. तापल्या तेलात मोहरी पडायचा अवकाश, असा स्वभाव. वय एकोणीस, शाळा केव्हाच सोडलेली. नजर मात्र अशी, की कुणाच्या शर्टाचं बटण दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलंय ते दहा पावलांवरून सांगेल. कॉम्प्युटरवरच्या नेमबाजीच्या गेममध्येही तिचं नाव त्या नजरेवरच चालायचं. समोरच्याने भिंतीआडून नुसतं नाक बाहेर काढलं, की हिने टिपलाच.

पण आता नजर असून उपयोग नव्हता, कारण कॉम्प्युटरच अडखळत होता.

सहा महिने गोदामात पार्सलं बांधून तिने याच दुकानातून नवा प्रोसेसर घेतला होता, म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. आणि ते डोकं थंड ठेवायला नवा कूलर. दोन्ही स्वतःच्या हाताने बसवलं. आणि झालं काय, तर कॉम्प्युटर जुन्यापेक्षा हळू. पहिली पाच मिनिटं घोड्यासारखा, मग चिखलात रुतलेल्या बैलासारखा. रविवारी सकाळी अकराला त्या गेमच्या संघाची निवड होती. एक जागा, दोन खेळाडू. जागा मिळाली तर ती खेळणार. नाही मिळाली तर सोमवारपासून मामाच्या ऑफिसात बसून पत्रं टाइप करणार, असं तिने बाबांना कबूल केलं होतं. भांडणाच्या भरातच, पण शब्द म्हणजे शब्द. आणि आज शुक्रवार होता.

दुकानदाराने गेम लावला, दहा मिनिटं थांबला, कॅबिनेटच्या मागे तळहात धरला आणि निकाल देऊन टाकला. स्क्रीनवर प्रोसेसर अठ्ठ्याण्णव अंश तापलाय असं दिसतंय, पण मागून हवा तर गार येतेय. म्हणजे आकडा खोटा. म्हणजे मशीन ठणठणीत. म्हणजे दोष मॅडमच्या गेममध्ये.

तडतडीलाही मनातून तसंच वाटत होतं, म्हणूनच ती जास्त चिडली.

"आकडा खरा असला तर?" शिडीवरून आवाज आला.

दोघांनी वर बघितलं. दुकानातला एसी उघडून, हातात त्याची धुळीने भरलेली जाळी घेऊन तो उभा होता. बाविशीचा असेल. कानामागे पेन्सिल, एका भुवईवर धुळीचा पट्टा.

दुकानदार म्हणाला, तू तुझा एसी बघ. तडतडी म्हणाली, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काय कळतं.

"कॉम्प्युटरमधलं काहीच कळत नाही," तो अगदी खुशीत म्हणाला. "पण एसीच्या बाहेरच्या डब्यातून गार हवा यायला लागली ना, की मला धडकी भरते. तिथून गरमच यायला हवी. आतली उष्णता बाहेर येत नसेल, तर ती गेली कुठे?"

ती गेली कुठे... हे काही तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. पण एका शिडीवरच्या माणसासमोर ते कबूल कोण करणार? तिने कॅबिनेट उचललं, दुकानदाराला दोन शेलके शब्द ऐकवले आणि बाहेर पडली.

रस्त्याच्या टोकापर्यंत पोचली तोवर मागून पावलं ऐकू आली. तोच होता. हातात काळी वायर.

"ही राहिली," तो धापा टाकत म्हणाला. "हिच्याशिवाय घरी जाऊन भांडणसुद्धा सुरू होणार नाही."

तिला हसू येत होतं. तिने ते दाबलं. वायर घेतली, आणि मग, का कुणास ठाऊक, विचारलं, "खरंच कुठे गेली असेल हो ती उष्णता?"

"उघडून बघितल्याशिवाय कसं सांगू?" तो म्हणाला. "पण बघायला आवडेल मला. रात्रभर हेच डोक्यात फिरणार आता."

माझ्यापण, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने पत्ता सांगितला.

शनिवारी दुपारी तो आला तेव्हा दार बाबांनी उघडलं. बाबा म्हणजे सरळ, हळू बोलणारा माणूस. जगात त्यांचं वैर फक्त ओरखड्याशी. घरात आलेली कुठलीही नवी वस्तू तिच्या प्लास्टिकसकट वापरायची, हा त्यांचा नियम. सोफ्यावर प्लास्टिक, रिमोटला प्लास्टिक, फ्रिजच्या दांड्याला प्लास्टिक, वजनकाट्यावर तर इतकं जुनं की आकडे पिवळे दिसायचे. तडतडी ज्या खुर्चीवर बसून खेळायची तिलाही प्लास्टिक होतं, आणि ती जरा हलली की माइकमधून संघातल्या सगळ्यांना चर्र ऐकू जायचं.

तो सोफ्यावर बसला. चर्र. त्याने खोलीभर नजर फिरवली. त्याची नजर प्रत्येक प्लास्टिकवर क्षणभर थांबली, हे तडतडीने बघितलं आणि तिला उगाच लाज वाटली. एसीवाला आहे कळल्यावर बाबांनी आधी त्याला फ्रिजच दाखवायला नेलं. दार नीट लागत नाही म्हणाले. त्याने दाराच्या रबराखाली अडकलेली प्लास्टिकची घडी हळूच सरकवली आणि दार लागलं. बाबा खूश.

मग तिच्या टेबलापाशी. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून तिने गेम लावला. तो पंख्यासमोर तळहात धरून, डोळे मिटून बसला, डॉक्टर छातीला नळी लावतात तसा. ती त्याच्याकडे बघत राहिली. इतका वेळ गप्प बसता येणारा माणूस तिने आयुष्यात बघितला नव्हता.

"आकडा?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"सत्त्याण्णव."

"कूलरला बोट लावू?"

"लावा. पण पंख्यात घालू नका. उद्या मला दहाच्या दहा बोटं लागणार आहेत."

"बोटं माझी आहेत."

"तरी पण," ती म्हणाली, आणि मग आपण काय बोललो हे कळून एकदम स्क्रीनकडे बघायला लागली.

त्याने कूलरच्या पत्र्यांना बोट लावलं. मग तिच्याकडे वळून म्हणाला, तुम्हीपण लावा. तिने लावलं. पत्रे नुसते कोमट. दोन बोटं खाली प्रोसेसर उकळत होता आणि त्याच्याच डोक्यावर बसलेल्या कूलरला पत्ताच नव्हता.

"आकडा खरा आहे," तो हळूच म्हणाला. "खालची उष्णता वर पोचतच नाहीये. मध्ये काहीतरी आहे."

"काही नाहीये. फक्त उष्णता वर नेणारी पेस्ट आहे. मी स्वतः लावलीय."

"शेवटचं कधी बघितलं?"

"बसवताना."

"बसवताना, की बसवायच्या आधी?"

आधीच, हे आठवून तिने स्क्रूड्रायव्हर उचलला. एकदा बघितलेलं ती परत बघत नसे. नजर तेज असली की माणसाला ही खोड लागते.

कॉम्प्युटर बंद केला. चार स्क्रू. तो तळहात पुढे धरून बसला आणि ती एकेक स्क्रू काढून त्यावर ठेवत गेली. चौथ्या स्क्रूला तिचं बोट त्याच्या तळहाताला लागलं. इतका वेळ पंख्यासमोर धरलेला तो हात, चांगलाच गार.

कूलर उचलला. उलटा केला. पेस्टच्या डागाखाली, तांब्याच्या बुडाला चिकटलेलं, पारदर्शक, गुळगुळीत... प्लास्टिक.

"मी काढलं होतं," ती पुटपुटली. "शपथ. हे मी काढलं होतं. इथे टेबलावर ठेवलं होतं."

आणि मग दोघांनी एकाच वेळी दाराकडे बघितलं. दारात बाबा उभे होते.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "तू पेस्ट आणायला आत गेलीस. ते चकचकीत बूड असं उघडं पडलेलं दिसलं. म्हटलं, चरा पडेल... म्हणून परत लावून ठेवलं."

मोहरी तेलात पडलीच होती. दहा दिवस तिने दुकानदाराला शिव्या घातल्या होत्या, कॉम्प्युटरमधले सगळे प्रोग्राम दोनदा पुसून नव्याने भरले होते, उद्या सगळं हातचं जाणार म्हणून उशीत तोंड खुपसून रडली होती, आणि कारण काय, तर बाबांची काळजी. तिने श्वास घेतला.

पण त्याआधी तो बोलला. कूलर उजेडाकडे धरून, बारकाईने बघत, मनापासून कौतुकाने.

"काकांनी चिकटवलंय मात्र एक नंबर. एक बुडबुडा नाही."

तडतडीच्या तोंडून भांडणाऐवजी हसूच फुटलं. असं फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं, मग बाबाही हसले, आधी घाबरत, मग पोट धरून. आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं, की आपल्याला रागाच्या अगदी कडेवरून कुणीतरी बोट धरून मागे आणलंय, आणि असं आजवर कुणालाच जमलं नव्हतं.

प्लास्टिक काढलं, जुनी पेस्ट पुसली, नवी लावली. गेम लावला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. आकडा पासष्टच्या वर जाईना. तो परत मागे हात धरून बसला आणि त्याचा चेहरा उजळला.

"गरम," तो म्हणाला. "ये, बघ."

तुम्हीचं तू कधी झालं हे त्याला कळलंच नाही. तिला कळलं.

निघताना तो दारात घुटमळला. काही बिघडलं तर नंबर असू दे, म्हणाला. तिने फोन काढला. त्याने फोनकडे बघितलं. "यावरपण प्लास्टिक?"

"नवीन आहे."

"किती नवीन?"

"दोन वर्षं," ती म्हणाली. तो आकडे सांगत गेला, ती दाबत गेली.

"नाव काय टाकू?"

"तू काय म्हणशील ते."

तिने टाकलं — गारेगार. त्याला दाखवलं नाही.

रविवारी सकाळी ती खुर्चीवर बसली आणि आवाज आला नाही. खाली बघितलं तर खुर्चीवरचं प्लास्टिक नव्हतं. बाबा स्वयंपाकघरात पाठमोरे उभे राहून, काही घडलंच नाही असं दाखवत, कप विसळत होते. ती खेळली. मागून गरम हवा येत राहिली, आणि भिंतीआडून जितकी नाकं बाहेर आली तितकी तिने टिपली. पावणेएकला संघाच्या कप्तानाने सांगितलं, जागा तुझी.

बाबांना मिठी मारून झाल्यावर तिने पहिला फोन लावला तो गारेगारला. उचलला एका आजोबांनी. त्यांनी शांतपणे सांगितलं, की इथे कुणी एसीवाला राहत नाही, पण निवड झाल्याबद्दल अभिनंदन.

खोटा नंबर. तिची कानशिलं तापली. सोमवार गेला, मंगळवार गेला. आपणच वेड्यासारखं हसलो, आपणच नाव टाकलं... बुधवारी तिला राहवेना. त्याचा पत्ता घ्यायचा आणि तोंडावर जाऊन भांडायचं, असं ठरवून ती दुकानात शिरली.

तो शिडीवर होता. तीच जाळी हातात.

"बरं झालं आलीस बाई," दुकानदार कपाळावर हात मारून म्हणाला. "तीन दिवस हा एकच जाळी धुतोय. आता फाटायची राहिलीय."

तो सावकाश खाली उतरला. म्हणाला, निवडीचं काय झालं हे कळायला दुसरा रस्ता नव्हता. घरी कसा येणार, बोलावल्याशिवाय?

"खोटा नंबर द्यायचा आणि वर विचारायचं?"

"नंबर खरा असला तर?" तो म्हणाला.

तिने फोन त्याच्यापुढे नाचवला. दोघं त्यावर वाकले. आकडा आकडा ताडून बघितला. सगळे बरोबर, शेवटचा सोडून. त्याचा सहा, तिच्याकडे नऊ. त्याने कीपॅडवरच्या सहावर बोट ठेवलं. काचेवरच्या प्लास्टिकखाली तिथेच एक टपोरा बुडबुडा होता. सहा दाबला की खालचा नऊच लागायचा.

"काकांनी लावलेलं नाही हे," तो म्हणाला. "त्यांचा बुडबुडा येत नाही."

ती हसली नाही. दोन वर्षं जपलेल्या त्या प्लास्टिकच्या कोपऱ्यात तिने नख घातलं आणि सर्रकन ते ओढून काढलं. खालची काच इतकी लख्ख होती, की वाकलेले दोघंही तिच्यात दिसले, एकाच्या भुवईवर धूळ.

"आता टाक," ती म्हणाली. "माझी निवड झाली. आणि मी तीन दिवस... मी तीन दिवस नीट जेवलेले नाहीये, तुझ्यामुळे."

त्याने नंबर टाकला. वर नाव दिसलं, गारेगार, आणि तो कानापर्यंत लाल झाला. फोन परत देताना त्याचा हात तिच्या हातात तसाच राहिला.

तो हात आज अजिबात गार नव्हता.