वहीत तिघे

नकाशा गुंडाळू नका, राहू दे तसाच जमिनीवर. चार दिवस, तीन मुक्काम, सगळं पेन्सिलीनं आखलंय. छान. तो मोठा दिवा तेवढा मालवा, डोळ्यांवर येतो. पहाटे निघायचंय हे माहितेय मला, पण एवढं ऐका आणि मग झोपा. भुताची गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या ओळखीच्या माणसाचं झालं ते सांगतो.

आमच्या गल्लीत एक घड्याळजी आहे. दुकान एवढंसं, दोन गिऱ्हाईकं आली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. मी पट्टा बदलायला गेलो होतो, तर उघडी घड्याळं बाजूला सारून त्यानं काचेवर असाच नकाशा पसरलेला. शेजारी त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. सुतारकाम करायचा. हाताला सोनं, चालायला मात्र गोगलगाय. घड्याळजीला सगळे मागून 'काटेकोर' म्हणायचे, आणि उगाच नाही. डोंगरातल्या चालण्याचं त्यानं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक केलं होतं. ओढा सव्वादहा. खिंड एक वाजून पाच. पाणी प्यायला चार मिनिटं.

"आणि शिंक आली तर?" मेहुण्यानं विचारलं.

"ती चालता चालता द्यायची," काटेकोर म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

"तुम्ही पण चला ना," मेहुणा मला म्हणाला. "मागे राहायला मला सोबत होईल."

मी गेलो. सोबत मात्र दिली नाही. ते येईलच पुढं.

डोंगरातल्या निवाऱ्यांचा एक नियम असतो. तुमच्या बुकिंगच्या कागदावरही असेल, बारीक अक्षरात, जे तुम्ही वाचलेलं नाही. पोचल्याबरोबर वहीत लिहायचं, आपल्यातले किती जण आले. रात्री आठ वाजता राखणदार वही बघून वायरलेसवर खाली आकडा कळवतो. निघालेले आणि पोचलेले जुळले की काम संपलं. एक जरी कमी भरला तर घंटा वाजते, आणि आतल्या सगळ्यांनी, पाय सुजलेले असोत नाहीतर सोललेले, बॅटऱ्या घेऊन शोधायला बाहेर पडायचं. ज्याच्यामुळे घंटा वाजली त्याची मग वर्षभर टिंगल होते. काटेकोरला सगळं चालायचं, टिंगल चालायची नाही.

तिसरा मुक्काम होता. सतरा नोव्हेंबर. शेवटच्या चढावर मेहुणा मागे पडला. "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच," म्हणाला. आम्ही झालो पुढे. निवारा गच्च भरलेला, चुलीभोवती ओले मोजे वाळत टाकलेले, राखणदार मोठ्या पातेल्याशी झटत होता. तीस-पस्तीस माणसांत कोण कुणाचं तोंड बघतो? काटेकोरनं वही ओढली आणि लिहिलं, तीन.

मी बघत होतो. त्यानंही बघितलं की मी बघतोय.

"अर्ध्या तासात येईल तो," म्हणाला. "कशाला तमाशा?"

मी काही बोललो नाही. साडेसातला धुकं उतरलं. आठला राखणदारानं खाली कळवलं, सगळे आत. चुलीची ऊब होती, पोट भरलेलं होतं, जरा पाठ टेकली आणि आम्ही झोपलो. एवढंच. कुणी राक्षस नव्हतो आम्ही. झोपलो.

सकाळी तो सापडला. दारापासून साठ पावलांवर, दगडाला टेकून बसलेला. थंडीनं गेला.

आता खरी कडू गोष्ट. वहीत तर तिघे पोचलेले. मग हा बाहेर कसा? तर हा आला, जेवला आणि मध्यरात्री आपल्या पायांनी उठून गेला, असं ठरलं. काटेकोरनं पोलिसांना तसा जबाब दिला. मीही दिला. काय बघतोस रे असा? हो, मीही. पुढचं लोकांनी आपापल्या पदरचं घातलं. कुणी म्हणे प्यायला होता, कुणी म्हणे त्याला जीवच द्यायचा होता. आणि वहिनी, म्हणजे काटेकोरची बायको, येईल त्याला एकच विचारायची, "कसलं दुःख होतं हो त्याला? मला एका शब्दानं बोलला नाही." त्याला कसलंही दुःख नव्हतं. त्याला फक्त उशीर झाला होता. हे दोन माणसांना ठाऊक होतं, आणि दोघांनी तोंडाला कुलूप घातलं होतं.

वर्ष भरत आलं तशी वहिनीनं धोशा लावला, ती जागा मला दाखवा. काटेकोरनं पुन्हा नकाशा काढला, पुन्हा वेळापत्रक केलं. दोघांसाठी जागा राखायला एकेका निवाऱ्याला फोन लावला.

"तीन ना?" पहिला राखणदार म्हणाला. "तीन लिहिल्यात आधीच."

काटेकोर त्याच्यावर खेकसला. दुसऱ्यानंही तेच सांगितलं. तिसऱ्यानं 'तीन' म्हणताच यानं फोन ठेवला.

तरी गेले. दोन दिवस काही झालं नाही. सतरा तारखेला संध्याकाळी त्या निवाऱ्यात पोचले. या खेपेला गर्दी नव्हती. ही दोघं, आणि मागच्या खोलीत राखणदार. काटेकोरनं वहीत दोन लिहिलं. नीट, ठळक.

रात्री एक वाजून चाळीस मिनिटं. परत आल्यावर एकदाच येऊन त्यानं हे सगळं मला सांगितलं, वेळेसकट, म्हणजे चुकायची नाही.

वहिनी जागी झाली. बाहेर कुणीतरी चालत होतं. हळू. जड पावलांनी. थांबत थांबत.

"कुणीतरी आलंय."

"वारा आहे."

वारा नव्हता.

पावलं दाराशी आली. थांबली. दार वाजलं नाही. नुसता श्वास... चढ चढून आलेल्या माणसाचा.

मग आवाज. दमलेला. अदबीचा. तो बोलायचा तसाच.

"भावोजी... मी पोचलो का?"

कडेवर घेऊन वाढवलेला भाऊ होता तो. वहिनीला ओळखायला काय लागतंय? ती उठली. काटेकोरनं तिचं मनगट धरलं.

"उघडू नको."

"भावोजी... वहीत आहे तसं... मग मी पोचलो का?"

"काय विचारतोय तो?" वहिनी म्हणाली.

काटेकोरनं तिचं मनगट आणखी घट्ट धरलं.

"अहो. काय विचारतोय तो?"

बाहेर श्वास. आत श्वास. बाकी काही नाही.

"नाही," काटेकोर म्हणाला. आवाज त्याचा राहिला नव्हता. "नाही पोचलास तू. मी... मीच लिहिलं."

बाहेरचा श्वास थांबला.

वहिनीनं हात सोडवून घेतला. दार उघडलं. धुकं. कुणी नाही. ती उंबऱ्यात उभी राहिली, किती वेळ कोण जाणे. मग जरा बाजूला सरकली. वाट दिल्यासारखी.

"ये," म्हणाली. "आत ये, बाळा."

दार लावून घेतलं. नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. त्या रात्री नाही आणि त्यानंतरही नाही.

उजाडताच ती एकटी उतरली ती थेट माझ्या दारात. बसा म्हटलं, बसली नाही.

"तुम्हीही होतात ना तिथं?"

मी खाली बघितलं.

"वर्षभर मी त्याला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "मला न सांगता गेला म्हणून."

आणि गेली. गाव सोडलं तिनं. काटेकोर अजून दुकानात बसतो, समोरून गेलो तर आम्ही एकमेकांकडे बघत नाही.

थंडी सरल्यावर मी त्या निवाऱ्यात गेलो होतो. एकटाच. का, ते विचारू नका. राखणदार फार बोलणारा माणूस नाही. चहा झाल्यावर, मी काही विचारलं नसताना, त्यानं सांगितलं. त्या सकाळी बाई उतरून गेल्या, साहेब बाहेर दगडावर बसले होते, आणि तो अंथरुणं आवरायला आत गेला. दोन आवरली. चुलीजवळचं तिसरं त्यानं कुणाला दिलंच नव्हतं, घडी करून ठेवलेलं होतं. ते पसरलेलं होतं. पांघरूण एका बाजूला सारलेलं.

त्यानं उचलायला हात घातला. आतून गरम होतं.