गुरुसिद्धप्पांची चावी

गोष्ट म्हटली तर एका चावीची आहे. कळंबच्या रस्त्यावरचा तो कसबा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि कसब्याला पाणी सोडायचं काम गुरुसिद्धप्पांकडं होतं. टेकडीवर दगडी टाकी, टाकीखाली खड्ड्यात लोखंडी वॉल. तो फिरवायची चावी म्हणजे कमरेएवढी सळई, वर आडवी मूठ. सात फेरे पुढं, अर्धा मागं. तो अर्धा मागं घेतला नाही, तर वॉल अडकून बसायचा. फेऱ्यागणिक तोंडात शिवाचं नाव.

तीस वर्षं माणूस असाच पहाटे उठला. तीन लेकी, एक लेक; चौघांनाही पाळीपाळीनं खांद्यावर घेऊन टाकी दाखवली. पाणी आधी स्वतः ओंजळभर चाखायचं, मग गावाला. त्यातही पहिलं शेवटच्या गल्लीला, कारण उशीर झाला की तिथवर पाणी चढत नाही. घरी आले की चावी दाराआडच्या कोपऱ्यात उभी. तिच्यावरून निथळून निथळून सारवलेल्या भुईला वाटीएवढा खळगा पडलेला. बायको नीलम्मा तो बुजवायची आणि बोलायची, "ही सवत माझी भुई खाती." गुरुसिद्धप्पा नुसते हसायचे.

पुढं ते वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, आले आणि काम लेकाला, महांतप्पाला मिळालं. वॉलची सरकारी चावी कचेरीतल्या दरोगासाहेबांच्या, म्हणजे पाण्याच्या अंमलदाराच्या, कपाटात असायची, उजाडल्यावर हातात पडायची. जुनी चावी अप्पांनी पदरच्या पैशानं लोहाराकडून घडवलेली, ती घरातच राहिली.

लढाईच्या दिवसांतल्या त्या कडक उन्हाळ्यात अप्पा लिंगैक्य झाले. रीतीप्रमाणं त्यांना समाधीच्या खड्ड्यात बसतं केलं, तळहातावर लिंग दिलं, भोवती विभूती, बेल आणि मीठ भरलं. घरी आल्यावर महांतप्पा म्हणाला, "अव्वा, चावी अप्पांच्या उजव्या हाताशी ठेवली म्या. त्यांच्याबिगर ती कुणाची?"

नीलम्मा खड्ड्यापाशी नव्हती. लेकानं सांगितलं, तिनं मानलं.

नवव्या दिवशी शेवटच्या गल्लीतली प्रेमाबाई दारात आली. "म्हांतूला म्हणावं, लई पुण्य लागंल. अंधारात येतंय पाणी, पर येतंय."

"कवापासून?"

"झाले की चार दिस."

 दरोगासाहेबांचा हुकूम होता, पहिलं पाणी बाजाराला, तेही उजाडल्यावर; शेवटच्या गल्लीला ते चढायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी दरोगासाहेब स्वतः आले. भला माणूस, आवाज चढवणारा नव्हे. "महांतप्पा, रोज सकाळी टाकी अर्धी रिकामी असते. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आहे. दुसरी चावी तुमच्या घरात होती, हे साऱ्या गावाला माहीत."

"ती अप्पांसंगं गेली, साहेब."

"मग दाखव. सोमवारपर्यंत दिसली नाही, तर तुझ्या जागी मला दुसरा माणूस बघावा लागेल."

त्या रात्री नीलम्माच्या मनात पाल चुकचुकली. शेवटच्या गल्लीत लेकाची सासुरवाडी होती. गळ्यातलं लिंग बांधायच्या शिवदाऱ्यासाठी वळलेला सुताचा दोरा तिनं काढला. एक टोक झोपलेल्या महांतप्पाच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं, दुसरं आपल्या मनगटाला, आणि पडून राहिली.

दोरा हलला नाही. पहाटे मात्र टेकडीकडून आवाज आला. लोखंडावर लोखंड. कर्र... थांबून पुन्हा कर्र. तिनं मोजलं. सात. मग एक आखूड, उलटा.

महांतप्पा घोरत होता.

शहाण्या बाईनं इथंच थांबायला हवं होतं. पण संशय एकदा आत शिरला की तो घरच्यालाच खातो. तिला वाटलं, यानं चावी पुरलीच नसावी. मेव्हण्याला दिली असंल. सोमवारी सकाळी ती मठातल्या रेवणसिद्ध स्वामींकडं जाऊन म्हणाली, "समाधी उघडा."

महांतप्पा कधी आईपुढं बोललेला नव्हता. त्या दिवशी बोलला. "माझ्यावर इस्वास न्हाय, तर नोकरी जाऊ दे. अप्पांना हलवू नका."

"तू खरा असशील तर भ्यायचं काय?"

तो खाली बसला. 

भर दुपारी, दरोगासाहेब आणि गावातल्या चौघांच्या देखत, एका बाजूनं हात जाईल एवढंच उकरलं. आठ महिने पाऊस नव्हता, माती भाजून निघालेली. स्वामींनी खांद्यापर्यंत हात घातला, चाचपला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आहे," ते म्हणाले. "पण... सोडीना."

दोनदा ओढल्यावर चावी बाहेर आली. तिच्यावरून पाणी गळत होतं. टोकाला वॉलचं वंगण, ताजं, काळं. स्वामींच्या बाहीला लागलेलं मीठ विरघळून गेलं होतं.

कुणीच कुणाकडं पाहिलं नाही. दरोगासाहेबांनी मोठ्या फडक्यात चावी गुंडाळली. "कपाटात ठेवतो," एवढंच म्हणाले. महांतप्पाची नोकरी राहिली. खड्डा बुजवताना स्वामी पुटपुटले, "ज्याचं त्याच्यापाशी असू द्यावं, बाई."

दुसऱ्या पहाटे शेवटच्या गल्लीला पाणी आलं नाही.

नीलम्मा जागी होती. टेकडी गप्प. मग दाराआडच्या कोपऱ्यात टप... टप... असं वाजायला लागलं. ओल्या लोखंडाचा आणि बेलाचा वास आला. कुणीतरी भिंत चाचपत होतं, सावकाश, म्हातारी माणसं चाचपतात तसं.

"इथं न्हाय ती," ती अंधारात म्हणाली. "म्याच काढायला लावली. लेकाचं काय सुदीक चुकलं न्हाय..."

चाचपणं थांबलं. तिनं डोळे मिटले आणि उजाडेपर्यंत उघडले नाहीत.

सकाळी कोपऱ्यातला खळगा पाण्यानं भरलेला होता. महांतप्पा अजून झोपेतच होता. आणि परवा तिनं सोडून कोनाड्यात टाकलेला सुताचा दोरा तिच्या मनगटावर होता, चिंब ओला, घट्ट. तिनं तो उलगडायला घेतला.

सात फेरे पुढं, अर्धा मागं.