धाकू तांडेलाने अडवलेली जागा

यातलं काहीही मी रचलेलं नाही. फक्त माणसांची नावं बदलली आहेत आणि संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण ती संस्था अजून आहे.

मी फिजिक्सची पदवीधर. जे तपासता येत नाही त्यावर मी सहसा बोलत नाही. हे मी तपासलं होतं.

साल २००४. दसरा नुकताच झाला होता. जागा रत्नागिरीतल्या एका जेटीवरची मच्छीमार संस्था. आणि रात्र नव्हती... ऑक्टोबरची रखरखीत दुपार होती.

मी तेव्हा गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. लिनक्स येणारी माणसं रत्नागिरीत फारशी नव्हती, त्यामुळे अशी कामं माझ्याकडे यायची. संस्थेचे चेअरमन राजाभाऊ यांचा फोन आला.

"काय गो अपूर्वा, आमचा तो वायरलेसचा कॉम्प्युटर सारखा 'डिस्क भरली' म्हणतोय. बंद-चालू करायला ये. भागोजीला हात लावू देत नाही मी."

मी गेले.

वायरलेस रूमच्या पायरीवर एक बाई बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती दरवाजाकडे बघत होती.

आत भागोजीकाका होते. बोटींचे कॉल घेणारा संस्थेचा जुना माणूस. खोलीत एक वायरलेस सेट आणि त्याला वायरने जोडलेला लिनक्सचा कॉम्प्युटर. समुद्रातून बोटी जे बोलतात ते रेकॉर्ड व्हावं म्हणून तो ठेवलेला. माझ्याच सरांनी बसवला होता. आवाज आला तरच लिहायचं, शांतता असेल तर नाही, अशी त्याची रचना होती. मोठी बॅटरी असल्यामुळे वीज गेली तरी तो चालायचा. आणि रेकॉर्डिंग कधीही थांबवायचं नाही, हा नियम भिंतीवर रंगवून ठेवलेला.

"बाहेर कोण बसल्यात, काका?"

"सावित्री. धाकू तांडेलाची बायको. बुरोंडी गावची." काकांचा आवाज एकदम खाली आला. "हितं नातेवाईकांकडं राहते, रोज येऊन बसते. जात नाय."

धाकू तांडेलाचं प्रकरण मला माहीत होतं. सगळ्यांनाच होतं. गणपतीत राजाभाऊंची 'चंडिका' बोट बुडाली. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य, तो धाकू. त्याच्याबरोबर बुरोंडीचेच चार खलाशी गेले. प्रेतं मिळाली नाहीत. राजाभाऊंनी पेपरात सांगितलं, की तांडेल दारू पिऊन परस्पर बोट घेऊन गेला, आणि मदतीसाठी एक कॉलसुद्धा केला नाही.

तेव्हापासून त्या चौघांच्या घरचे सावित्रीच्या दारावरूनही जात नव्हते. तुझ्या नवऱ्याने आमची माणसं मारली, असं तिला तोंडावर म्हणत होते.

मी कामाला लागले.

डिस्कचं मुख्य पार्टिशन, म्हणजे मुख्य कप्पा, शंभर टक्के भरलेलं. मग एकेका फोल्डरचा आकार मोजला. बेरीज केली... आणि ती जुळेना. सगळ्या फायली मिळून डिस्क अर्धीही भरत नव्हती.

उरलेली अर्धी डिस्क कुणीतरी अडवली होती. पण तिथे काहीच दिसत नव्हतं.

यात भुताटकी नाही. लिनक्समध्ये फाईल पुसली की फक्त तिचं नाव जातं. एखादा चालू प्रोग्राम ती फाईल धरून बसला असेल, तर आतला मजकूर डिस्कवर तसाच राहतो. प्रोग्राम थांबला की मगच जागा मोकळी होते. आणि मग तो मजकूर कायमचा जातो.

मी उघड्या फायलींची यादी काढली. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामपुढे एक फाईल होती. पुढे लिहिलेलं... पुसलेली.

"काका, ही कुणी पुसली?"

काकांनी सेटचं बटण उगाच फिरवलं.

"गौरीच्या दिवशी सुरू झालेली फाईल आहे. चंडिका बुडाली तो दिवस."

"भाऊंनी सांगितलं, काढून टाक." काका हाताकडे बघत म्हणाले. "मी काढली. पण रेकॉर्डिंग थांबवायचं नाय हा नियम. ते नाय थांबवलं."

"त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"भाऊंच्या घरी. आरतीला. मृदंग वाजवायला मीच लागतो त्यांना. म्हटलं, सेटवर कुणीतरी बसायला हवं, तर म्हणाले, देवापेक्षा तुझा सेट मोठा काय रे."

मला भयंकर राग आला. पण राग आला तरी पद्धत सोडायची नाही. आधी थोडी जागा करून घेऊ, म्हणून मी जुन्या निरुपयोगी फायली काढल्या. जागा झाली.

चहा येईपर्यंत ती भरली.

म्हटलं, सेटमधून खरखर येत असेल. मी वायरलेस सेट बंद केला. पुन्हा थोडी जागा केली.

भरली...

मी कॉम्प्युटरच्या मागची आवाजाची वायर स्वतःच्या हाताने उपटली. खोलीत दुसरा माइक नव्हता. आत येणारा कुठलाच आवाज आता शक्य नव्हता. तिसऱ्यांदा जागा केली.

आणि बघत बसले.

आकडा वाढत होता. सलग नाही... थोडा वाढायचा, थांबायचा. पुन्हा वाढायचा.

माणूस बोलताना थांबतो ना, तसा.

मी हेडफोन लावला आणि चालू प्रोग्राममधूनच त्या पुसलेल्या फाईलची सुरुवात ऐकली. वाऱ्याचा आवाज, इंजिनाची घरघर आणि एका माणसाचं ओरडणं.

"चंडिका बोलतेय. भागोजी, उत्तर दे. पंप बंद पडलाय, पानी भरतंय."

मग खरखर.

"कुठं मेलास रे भागोजी? राजाभाऊ, तुला गौरीच्या तिखट नैवेद्याला ताजी मासळी पायजे होती ना? तूच धाडलंस ना आमाला, वारा बघून पन? आता उचल की तो सेट."

त्यात विनवणी नव्हती. नुसता संताप होता. कॉलमागून कॉल. बाकीच्या चौघांची नावं तो घेत होता, कोण पाण्यात पडला ते सांगत होता. शेवटी इंजिन बंद पडलं. मग वाराही ऐकू येईना.

रोज नवी फाईल सुरू होते, म्हणून ही तिथेच संपायला हवी होती.

पण त्यानंतरही ती चालूच होती. कित्येक पट मोठी. आठवड्यांमागून आठवडे.

मी तो पहिला भाग पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. पेनड्राइव्ह तेवढ्यातच भरला. तो पर्समध्ये टाकला आणि त्याच वेळी राजाभाऊ आत आले. पाठोपाठ सावित्रीही उंबऱ्यापर्यंत आली.

"झालं काय गो? बंद-चालू करायला एवढा वेळ?"

"भाऊ," सावित्री म्हणाली, "माझा एकच सवाल हाय. त्यानं कॉल केला होता का नाय?"

"तुला किती वेळा सांगू? नाही केला. शुद्धीत असेल तर करेल ना. प्यायलेला माणूस काय कॉल करतो."

"तो पीत नाय."

"समुद्रावर काय करतो ते तू बघायला गेली होतीस?"

माझं लक्ष स्क्रीनवर होतं. आकडा जोरात वाढायला लागला होता...

हेडफोन अजून माझ्या कानावर होता. मी फाईलचं अगदी शेवटचं टोक लावलं. आत्ता, याच मिनिटात लिहिलं गेलेलं.

वारा नव्हता. इंजिन नव्हतं. फक्त तोच आवाज... जवळून.

"मी प्यायलो नव्हतो, राजाभाऊ."

वायर माझ्यासमोर टेबलावर पडलेली होती. मी तिच्याकडे बघितलं, हे मला नीट आठवतं.

"तिच्यासमोर खोटं बोलतोस? तिच्याकडे बघून बोल..."

मी हेडफोनची पिन काढून स्पीकर लावला. पण शेवट लावला नाही. सुरुवात लावली. जी समजावून सांगता येते, ती.

"चंडिका बोलतेय. भागोजी, उत्तर दे."

सावित्रीने दरवाजाची चौकट धरली. भागोजीकाका खाली बसले. गौरीच्या नैवेद्याचं वाक्य आलं तसे राजाभाऊ पुढे झाले, मला खांद्याने बाजूला ढकललं आणि कॉम्प्युटरच्या मागची वीज-केबल ओढून काढली.

आवाज मधेच तुटला.

"उगाच कुणाचं तरी रेकॉर्डिंग," राजाभाऊ म्हणाले. "आता चालू कर. झाली तुझी जागा मोकळी."

मी कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. जागा खरंच मोकळी झाली होती. अर्धी डिस्क. मी खूप शोधलं. काही उरलं नव्हतं.

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाशी मी तसं कधी बोलले नव्हते. निघताना पेनड्राइव्हबद्दल मात्र बोलले नाही.

पुढच्या रविवारी मी त्याची सीडी करून एसटीने बुरोंडीला गेले. एका घरी व्हीसीडी प्लेअर होता. सावित्रीने त्या चारही घरच्या बायकांना बोलावलं. त्या आल्या, पण तिच्याशी न बोलता भिंतीला टेकून बसल्या.

सीडी लागली.

आपापल्या माणसाचं नाव आलं तशी एकेक बाई उठून टीव्हीजवळ सरकली. सीडी संपली. मग त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी, आनंदीबाई, सावित्रीजवळ जाऊन बसली. तिचा हात धरून म्हणाली, "त्या राजाभाऊला आता दर्यावर पाय ठेवू दे, बघत्ये मी." बाकीच्या तिघी मागोमाग आल्या.

मला वाटलं, माझं काम झालं.

निघताना सावित्री मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली.

"एवढंच होतं?" तिने विचारलं.

मी खोटं बोलू शकले नाही. "नाही. पुढे खूप होतं. पुष्कळ दिवसांचं. मी फक्त सुरुवात आणि शेवट ऐकला. बाकीचं त्यांनी केबल ओढली तेव्हा गेलं."

पुष्कळ दिवसांचं म्हणजे काय, असं तिने विचारलं नाही. बोट तर एका संध्याकाळीच बुडाली होती.

"शेवटाला पण रागातच होता?"

"हो."

"माझं नाव घेतलं?"

"नाही. 'तिच्यासमोर' एवढंच म्हणाले."

तिने मान हलवली. "लग्न झाल्यापास्नं असाच. रागात असला की माझं नाव घेत नाय. बडबड बडबड करतो, सगळ्यांवर तोंड सोडतो... आणि राग उतरला की मग हाक मारतो. मगच जेवायला बसतो."

एसटी आली. मी चढले. ती खालून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत मला राग दिसला, आणि तो फक्त राजाभाऊंवरचा नव्हता.

"हाक मारायच्या आधीच तोडलंत तुमी त्याला," ती म्हणाली.

चार वर्षं झाली. उपटलेल्या वायरीतून आवाज कसा आला, हे आता तपासता येत नाही. पण मला अस्वस्थ करणारी गोष्ट ती नाही.

धाकूचा राग उतरला नव्हता. आणि बोलायला होती तेवढी एकच जागा... ती मोकळी झाली.