कललेली वाडी आणि केतकीची परात

या गोष्टीवर कुणाचा विश्वास बसणार नाही, लावा पैज. आजवर अकरा गावांत सांगितली आणि अकराही गावांनी हसण्यावारी नेली. इथे पहिल्या रांगेतल्या मनवाने तर गोष्ट सुरू व्हायच्या आधीच एक भुवई वर केली आहे. करू दे. गोष्ट खरी आहे. फार तर मीठ थोडं जास्त पडलं असेल.

सन २०९२. कोकणच्या किनाऱ्यापासून चार मैल आत, भर समुद्रात, तरंगवाडी नावाची वाडी होती. साठ घरं, एक शाळा, तीन नारळ, आणि हे सगळं चोवीस पोलादी पिंपांवर तरंगणारं. एकेक पिंप घराएवढं, आत नुसती हवा. हवा आहे तोवर वाडी वर. एखाद्या पिंपात पाणी शिरलं, तर वाडी त्या अंगाला कलणार, शेजारच्या पिंपांवर भार येणार आणि दिवस मावळायच्या आत साठही घरं तळाला जाणार. म्हणून तिथल्या पोराटोरांना बोलता येऊ लागलं की पहिला नियम शिकवत: जमीन तिरकी दिसली की भोंगा वाजवायचा आणि होडी गाठायची. भोंगा खोटा निघाला, तर वाजवणाऱ्याने अख्ख्या वाडीला सोलकढी पाजायची आणि वर्षभर टोमणे खायचे.

त्या वाडीत केतकी तांडेल राहायची, वय वर्षं अकरा. तिचे आजोबा धर्माजी तांडेल हे शास्त्रज्ञ. वाडी त्यांनीच आधी कागदावर आणि मग पाण्यावर उभी केली होती. सगळे त्यांना आबा म्हणत.

एका दुपारी किनाऱ्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून, उडत्या डबीतून, केतकीचा पहिलावहिला चष्मा आला. तिने तो लावला आणि तिचा आ वासला. नारळाची पातीन् पाती वेगळी! मग तिने खाली पाहिलं.

फरशी डावीकडे चढत होती. दाराची चौकट वाकली होती. उंबरा खड्ड्यात गेला होता.

केतकीने विचार केला नाही. नियमच तसा होता. तिने भोंगा वाजवला.

साठ घरांतून माणसं धावली. धक्क्यावर रेटारेटी झाली. सखूमावशीचा पाय होडी आणि धक्का यांच्यामध्ये सापडला. हाड मोडल्याचा आवाज केतकीने ऐकला, आणि त्यामागून आलेली किंकाळीही. तेवढ्यात पिंपांवर नजर ठेवणारा यंत्रमानव बाबल सावकाश म्हणाला, “चोवीस पिंपं ठीक. वाडी सपाट.”

सोलकढीची थट्टाही त्या दिवशी कुणी केली नाही. ते जास्त वाईट होतं.

“आबा,” केतकी रडत म्हणाली, “मला वेड लागलंय का?”

“वेड नाही गो, नंबर लागलाय.” आबांनी तिच्या हातात पोह्यांचा चमचा दिला. “याच्या पाठीवरून बोट फिरव. लांबीच्या बाजूने बाक कमी आहे आणि रुंदीच्या बाजूने जास्त, खरं ना? आपल्या डोळ्यावर पारपटल (बुबुळावरचं काचेसारखं स्वच्छ झाकण) असतं. ते चेंडूसारखं सगळीकडून सारखं गोल हवं. तुझं आहे या चमच्यासारखं. त्यामुळे एका दिशेचा उजेड एका जागी गोळा होतो आणि दुसऱ्या दिशेचा भलतीकडेच. दृष्टिपटलावर (डोळ्याच्या आतला पडदा, जिथे चित्र उमटतं) दोन्ही एकदम नीट पडत नाहीत. एक रेष ठळक, तर दुसरी पुसट. याला म्हणतात दृष्टिवैषम्य. फळ्यावरचा ध तुला घ का वाटायचा, कळलं?”

“मग चष्म्याने सरळ दिसायला हवं. हे तर उलटंच झालं!”

“काचेच्या बाटलीचा उभा काप काढला, तर तो एकाच दिशेने बाकदार असतो. तुझी काच तशीच आहे. डोळ्याचा कमी-जास्त बाक ती भरून काढते, पण त्या एका दिशेने चित्र किंचित ताणते. तुझ्या काचांचा बाक तिरका बसवलाय, म्हणून चौकोन कलंडतो. आता तुझ्या मेंदूचं बघ. अकरा वर्षं जे चित्र येत होतं, त्यावरून तो ‘सपाट’ कशाला म्हणायचं ते शिकला. आज चित्र बदललं, पण हा मोजतोय जुन्याच पट्टीने. आठ-पंधरा दिवस चष्मा सतत लाव. मेंदू नवी पट्टी शिकेल. घाल-काढ करशील तर बिचारा दोन्हीकडून गोंधळेल. पंधरा दिवसांनीही त्रास राहिला, तर काच पुन्हा तपासून घेऊ.”

“आणि तोवर वाडी खरंच कलली तर?”

“बाबल आहे की,” आबा म्हणाले.

(“बाबल कधीच चुकत नाही का?” मनवा विचारते. धीर धर ना जरा!)

केतकीचे पुढचे दिवस भिंत धरून गेले. जिन्याच्या पायऱ्या पायाखालून सरकत. ताट ठेवायला जावं, तर मेज पुढे पळे. पण तिची खरी भीती वेगळीच होती. वाडीतल्या प्रत्येकाचे डोळे म्हणजे एकेक पहारेकरी, आणि तिचे पहारेकरी खोटं बोलू लागले होते. उद्या सगळं बुडत असलं, तरी तिला ते ओळखू येणार नव्हतं.

सहाव्या दिवशी फरशी बरीच सपाट दिसायला लागली. केतकीला हायसं वाटलं.

त्याच दुपारी ती स्वयंपाकघरात गेली, तर पश्चिमेची भिंत खाली गेल्यासारखी दिसली. तिने घाईने चष्मा काढला. आता जमीन उलट्या अंगाला कलली! मेंदू नवी पट्टी अर्धी शिकला होता आणि जुनी अर्धी विसरला होता. चष्मा लावला तरी भरवसा नाही, काढला तरी नाही.

“बाबल, वाडी कललीय का?”

“चोवीस पिंपं ठीक. वाडी सपाट.”

भोंग्याचं बटण चार पावलांवर होतं. तिने हात पुढे केला आणि कानात ती किंकाळी घुमली. वाजवला आणि खोटा निघाला, तर आणखी कुणाचा तरी पाय मोडेल. नाही वाजवला आणि खरा असला, तर...

तेवढ्यात तिची नजर ओट्याखालच्या परातीवर गेली. परात जमिनीवर होती आणि तिच्यात तांदूळ भिजत होते. केतकी थबकली. डोळे चुकतात, मेंदू चुकतो. पण पाण्याला कुठे डोळे असतात? साचलेलं पाणी आपलं आपण सपाटच राहतं. जमीन कलली, तर ते परातीच्या एका काठाशी जास्त खोल होणार.

तिने तांदूळ काढून ठेवले, पाणी स्थिर होऊ दिलं आणि डोळे घट्ट मिटले. पूर्वेच्या काठाशी बोट बुडवलं: एक पेर. पश्चिमेच्या काठाशी बुडवलं: दोन पेरं!

पण परातच ठोकलेली, वाकडी असली तर? तिने परात अर्धी फिरवली, थांबली, पुन्हा बोट घातलं. पश्चिमेला दोन पेरं.

तिने भोंगा वाजवला.

या वेळी माणसं केतकीच्या दारात आली ती रेंगाळतच. “आज सोलकढीत मिरची जरा बेताची घाल गो!” कुणीतरी ओरडलं. “चष्मा काढून ठेव आधी!” दुसरं म्हणालं. बाबलने आपलं पालुपद लावलं, “वाडी सपाट.”

“माझ्या डोळ्यांवर नका विश्वास ठेवू!” केतकी किंचाळली. “आबा, डोळे मिटा आणि बोट घाला!”

आबा परातीपाशी गुडघ्यांवर बसले. त्यांनी एका काठाशी बोट घातलं, मग दुसऱ्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“होड्यांत बसा,” ते हळूच म्हणाले. “धक्काबुक्की नको, पण चला. सखूला खुर्चीसकट उचला.”

सतरा नंबरचं पिंप अर्धं भरलं होतं, पण इतकं हळूहळू की कल कुणाच्याच नजरेत भरला नव्हता. पाण्याखालच्या ज्या मापकावर बाबल विसंबून होता, त्याच्यावर कालवं अशी घट्ट बसली होती की त्याचा काटाच हलत नव्हता. पाणी उपसायचा पंप सुरू होईपर्यंत पश्चिमेच्या चार घरांत लाटा शिरल्या. माणसं मात्र होड्यांत होती, सगळीच्या सगळी. केतकीने तीनदा मोजली.

पंधराव्या दिवशी फरशी सपाट दिसली, परातीनेही तेच सांगितलं, आणि केतकीने फळ्यावरच्या ध ला पहिल्यांदाच ध म्हटलं. आबांनी बाबलच्या मापकावरची कालवं खरवडली आणि प्रत्येक घरात पाण्याची एक परात बसवली. आता तर आबा चंद्रावरच्या वस्तीसाठी तसलीच परात बनवतायत, आणि तिचं माप केतकी काढतेय.

शिवाय वाडीने ठरवलं की इतका गुणी चष्मा एकटीकडे कशाला? म्हणून हुबेहूब केतकीच्या नंबरचे तीनशे चष्मे मागवले आणि लहानथोर सगळ्यांनी ते लावले. तेव्हापासून तिथे जमीन केसभर जरी कलली, तरी सगळ्यांना लगेच...

“खोटं! साफ खोटं!” मनवा ताडकन उठून उभी राहिली. “प्रत्येकाच्या डोळ्याचा बाक वेगळा असतो! तिचा चष्मा सगळ्यांनी लावला, तर सगळ्यांनाच जमीन तिरकी दिसेल आणि दिवसभर तीनशे माणसं भोंगा वाजवत बसतील!”

एवढंच खोटं? म्हणजे बाकीची गोष्ट पटली, आणि पैज गेली माझी!