अंदाज हवा का?

“नाव घे गं शैला. घेतल्याशिवाय दार सोडायची नाही मी.”

उंबरठ्यावर हात आडवे लावून उभ्या असलेल्या बहिणीचा तो आवाज मुकुंदच्या कानात अजून ताजा होता. नव्या नवरीने नुसतं “माझं” म्हटलं होतं, तेवढ्यात मागून तोच बोलला, “घेईल नंतर. दमलीय ती.” बायका हसल्या, माप ओलांडलं गेलं आणि उखाणा राहिला तो राहूनच गेला.

म्हातारपणी पक्षाघाताने शैलाची वाचा गेली. गळ्याला बांधायची कंठपट्टी तिच्या स्नायूंची बारीक थरथर टिपायची आणि संगणक त्या थरथरीला तिच्याच जुन्या आवाजात शब्द द्यायचा. पण नव्या संगणकांवरची ‘सुज्ञ’ प्रणाली भारी हुशार. एका शब्दावरून पुढचं सगळं ओळखायची. शैलाने “चहा” म्हणावं, तर ती म्हणे, “चहा फार छान झालाय.” चहात साखरच नव्हती.

शैलाने पट्टी काढून खुंटीला टांगली, ती परत हातात घेतली नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, “गळा वापरला नाही, तर ही थरथरही विझेल. मग पट्टीला टिपायला काही उरणार नाही.”

‘सुज्ञ’मधून अंदाज काढून टाकायची सोयच नव्हती आणि नव्या यंत्रांवर दुसरी प्रणाली चालत नव्हती. म्हणून मुकुंदने माळ्यावरचा जुना संगणक उतरवला. धूळ पुसून त्यांची मुलगी ऋजुता त्याच्यापुढे बसली.

“यातली मूळ प्रणालीच ठेवली तर?” मुकुंदने विचारलं.

“तिला कंठपट्टी म्हणजे काय तेच ठाऊक नाही, बाबा.”

“मग ‘सुज्ञ’ची हलकी आवृत्ती टाक.”

खाटेवरच्या शैलाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

“मिळालं उत्तर,” ऋजुता म्हणाली. “राहिली ‘संथ’. हौशी लोकांनी जुन्या यंत्रांसाठी बांधलीय. ती आधी विचारते.”

पडद्यावर खरंच प्रश्न उमटला: अंदाज हवा का?

“नको म्हटलं, तर एकेका शब्दाला वेळ लागेल. आईला चालेल ते. तुम्हाला धीर निघेल का? ‘सुज्ञ’ यायच्या आधी या घरात अंदाजाचं काम तुम्हीच करत होतात.”

शैला आता मुकुंदकडेच बघत होती. त्याने ‘नको’वर बोट ठेवलं, उठून खुंटीवरची पट्टी काढली आणि स्वतःच्या हाताने तिच्या गळ्याला बांधली.

संगणकातला जुना पंखा घरघरला. बराच वेळ तेवढाच आवाज. मग,

“माझं…”

“माझं काय? उशी? पाणी देऊ?”

ऋजुताने त्याला कोपराने ढोसलं. शैलाने डोळे वटारले. तिचं हे वटारणं कितीतरी दिवसांनी दिसत होतं.

यंत्र थांबलं होतं. मुकुंदही थांबला. तिच्या गळ्यावरची शीर हलली, ओठाची एक कड वर गेली, आणि जात्यातून पीठ झरावं तसे शब्द हळूहळू झरू लागले. चौथ्या शब्दाला मुकुंदला तो उंबरठा आठवला. पुढचं काय असेल ते त्याला मुळीच ओळखता येईना, आणि त्याचाच त्याला आनंद झाला.

“माझं वाक्य पुरं करायची यांना भारी घाई,
मुकुंदरावांचं नाव घेते, आता मध्ये बोलायचं नाही.”